ठसका लागला तर काय कराल?

"बटाटा काट्यावर घेतला की त्याचा ढीग तसाच राहिला पाहिजे. काट्याच्या दातांमधून खाली ओघळला तर पातळ झाला असं समजायचं. आणि एकही गाठ नको."

फोनच्या पलीकडचा शेफ म्हणाला, "मॅडम, माझ्या आजीच्या आजीच्या वेळेपासून या इनच्या किचनमध्ये मॅश्ड पोटॅटो होतात."

"होत असतील. त्यात गाठी असतात का?"

"थोड्या असतात. लोकांना आवडतात."

"माझ्या पेशंटला गाठ लागली तर तो तुमच्याकडून सरळ हॉस्पिटलमध्ये जाईल."

पेन शोधल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "पुन्हा एकदा सांगा." तिथे मला तो माणूस आवडला.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. अमेरिकेत, डेट्रॉइटच्या बाजूला नोव्हायजवळच्या एका रिहॅब क्लिनिकमध्ये काम करते. हे सांगितलं की आपल्या लोकांना वाटतं, मी बोबड्या मुलांना 'र' म्हणायला शिकवते. नागपूरच्या माझ्या मावशीची अजून तीच समजूत आहे आणि ती बदलायचा नाद मी सोडला आहे. खरं तर माझा निम्म्याहून जास्त दिवस गिळण्यात जातो, म्हणजे दुसऱ्यांच्या गिळण्यात. स्ट्रोकनंतर किंवा घशाच्या ऑपरेशननंतर पुष्कळांना नीट गिळता येत नाही. बोलायचे आणि गिळायचे स्नायू बरेचसे तेच, म्हणून ते शिकवायचं काम आमच्या गळ्यात पडतं.

घशात दोन नळ्या असतात, पुढे हवेची आणि मागे अन्नाची. हवेच्या नळीवर एक झाकण असतं. घास मागे सरकला की ते झाकण बंद होतं, घास अन्ननलिकेत उतरतो, झाकण पुन्हा उघडतं. आपल्याला याचा पत्ताही नसतो. स्ट्रोकनंतर माझ्या पेशंटचं, बर्वे काकांचं, हे झाकण उशिरा बंद व्हायला लागलं होतं. उशीर अगदी थोडा होता, पण पाण्याला तेवढा पुरतो.

बर्वे काका म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या मराठी लोकांचे काका. सत्तरच्या दशकात इकडे आले, गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनीअर म्हणून आयुष्य काढलं. रिटायर होऊनही त्यांची क्वालिटी काही सुटली नव्हती. माझ्या क्लिनिकमधली खुर्ची किंचित डुगडुगते हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला दाखवून दिलं.

पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांची स्वॉलो स्टडी केली. पेशंटला बेरियम घातलेलं अन्न आणि पाणी देतात आणि गिळताना एक्स-रेचा व्हिडिओ काढतात. बेरियम पडद्यावर काळंभोर दिसतं. काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि त्यातली एक काळी रेघ सरळ हवेच्या नळीत उतरली. काका खोकले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "झालं?"

याला आम्ही सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतो. अन्न फुफ्फुसाच्या वाटेला लागतं आणि माणसाला कळत नाही. तुम्हाआम्हाला अशा वेळी जोराचा ठसका लागतो. ठसका हा शरीराचा अलार्म आहे. काकांचा अलार्म कधी वाजायचा, कधी वाजायचा नाही, आणि वाजला तरी मध्येच बंद पडायचा. म्हणून मी काकूंना आणि त्यांच्या मुलीला, रश्मीला, बसवून सांगितलं होतं की काका खोकताहेत तोवर ठीक आहे, खोकला एकदम थांबला तर मला काळजी वाटते. दोघींनी माना हलवल्या. माणसं मान हलवतात तेव्हा ऐकतातच असं नाही.

फुफ्फुसांच्या डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं. असं अन्न आत जात राहिलं तर न्यूमोनिया होईल. एक न्यूमोनिया झाला की पेग ट्यूब, म्हणजे पोटाला छिद्र पाडून बसवलेली नळी. मग तोंडानं खाणं बंद. रश्मी लांब कॅरी शहरात एका औषध कंपनीत आहे, तिला सगळं कळत होतं. ती फोनवर मला म्हणाली, "मंजिरी, बाबा जेवल्याशिवाय बाबा राहणारच नाहीत यार. जस्ट कीप हिम ईटिंग." माझं काम एवढंच होतं. काका तोंडानं खात राहिले पाहिजेत.

त्यावर आमचा एक साधा उपाय असतो. हनुवटी छातीला लावायची आणि मग गिळायचं. मान खाली गेली की हवेच्या नळीचं तोंड आक्रसतं आणि घासाला उशीर झाला तरी तो चुकत नाही. याला चिन टक म्हणतात. काकांवर तो उत्तम लागू पडला. पडद्यावर ती काळी रेघ पुन्हा दिसली नाही. पाणी, कॉफी, वरण अशा पातळ गोष्टींत थिकनर पावडर घालून त्या मधाइतक्या दाट करायच्या, अन्न मऊ आणि एकसारखं ठेवायचं, आणि प्रत्येक घासाला मान खाली.

"अगं, कंपनीत कुणापुढे मान खाली घातली नाही मी," काका म्हणाले.

"आता बटाट्यापुढे घाला."

त्यांनी घातली. प्रत्येक व्हिजिटला, प्रत्येक घासाला. आठवडेच्या आठवडे आम्ही तेच करत होतो. मी "हनुवटी" म्हटलं की ते गिळत. पुढे पुढे मला म्हणावंही लागेना. असा पेशंट मिळाला की माझं मन दिवसभर हलकं असायचं.

आणि मग त्यांनी इनचा विषय काढला.

आमच्याकडून पश्चिमेला तासाभरावर, जुन्या घोडागाड्यांच्या रस्त्यावर एक इन, म्हणजे जुनी सराई, आहे. पूर्वी डेट्रॉइटहून निघालेले प्रवासी तिथे रात्री उतरायचे, जेवायचे, घोडे बदलायचे. आता हायवे दुसरीकडून गेला, पण इन तशीच आहे. काकू पहिल्यांदा अमेरिकेत उतरल्या तेव्हा काका त्यांना एअरपोर्टवरून परस्पर तिथेच जेवायला घेऊन गेले होते. त्यानंतर दर फेब्रुवारीत, काकू आल्या त्या तारखेला, दोघं तिथे जेवायला जात. लग्नाचा वाढदिवस काका विसरत, हा दिवस मात्र कधी विसरले नाहीत. यंदा त्याला पन्नास वर्षं होत होती.

"मला तिथे जेवायचंय," काका म्हणाले. "नुसतं जाऊन बसायचं नाही. जेवायचंय."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तोवर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला होता. त्यावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात चौकटी आखल्या होत्या. गाड्यांच्या धंद्यात कुठलाही पार्ट बनवण्याआधी तो कसा कसा फेल होऊ शकतो याचा तक्ता करतात. काय बिघडेल, का बिघडेल, बिघडू नये म्हणून काय करायचं. काकांनी आपल्या जेवणाचा तसा तक्ता केला होता. बटाट्यात गाठी. कॉफी पातळ. खुर्ची बुटकी. खाताना बोलणं. गोंगाटामुळे लक्ष उडणं. दमणूक. ब्रेडचा मोह.

"आणखी काही राहिलंय का बघ," ते म्हणाले. "तू एक्स्पर्ट."

मी नीट वाचला. आयुष्यात एवढी काळजी घेतलेला पेशंट पाहिला नव्हता. मी त्यात गार पाण्याचे ग्लास टेबलावर ठेवायचे नाहीत असं एक कलम घातलं. बाकी मला काही सुचलं नाही. त्या तक्त्यात जे यायला हवं होतं ते इतकं घरातलं होतं, की आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

माझी बॉस डोना हिला मी विचारलं तेव्हा तिनं कीबोर्डवरची बोटं थांबवलीसुद्धा नाहीत.

"आपण रेस्टॉरंटमध्ये थेरपी करत नाही, मंजिरी."

"थेरपी नाही. मी फक्त बरोबर जाईन."

"मग सुट्टी घे. आणि तिथे तू थेरपिस्ट नाहीस, गेस्ट आहेस. काही झालं तर क्लिनिकचं नाव नको."

"काही होणार नाही. आम्ही तक्ता केलाय."

डोनानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हा लोकांना तक्ते फार आवडतात," ती म्हणाली. मी रजा टाकली आणि इनला फोन केला. तो बटाट्याचा फोन.

त्या दिवशी उन्हात बर्फ चमकत होतं आणि रस्ता साफ होता. रश्मी आदल्या दिवशी कॅरीहून आली होती. तिनं गाडी चालवली. काका कोट-टायमध्ये पुढे, काकू आणि मी मागे. काकूंनी पैठणी नेसून त्यावर जाड जॅकेट घातलं होतं आणि मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरली होती. त्या पर्सकडे मी पाहिलं होतं. त्यात काय असेल असा प्रश्न मला पडला नाही.

इन म्हणजे पांढऱ्या लाकडी फळ्यांचं दुमजली घर. आत जमीन एका बाजूला कललेली, डोक्यावर जाड तुळया, कोपऱ्यात खरी लाकडं जळणारी शेगडी. दारात जून नावाची म्हातारी वेट्रेस उभी होती. ती काकूंना मिठी मारून म्हणाली, "मला वाटलं यंदा येत नाही तुम्ही." शेगडीजवळच्या टेबलाशी आम्ही पोचलो तर तिथे डॉक्टर साने आणि त्यांच्या मिसेस आधीच बसलेले. साने डॉक्टर काकांचे पन्नास वर्षांचे मित्र, रिटायर्ड हाडांचे डॉक्टर. रश्मीनं सरप्राइज म्हणून त्यांना बोलावलं होतं. काकांचा चेहरा एकदम उजळला. पण तक्त्यात गोंगाट होता, आणि साने डॉक्टर एकटेच चार माणसांइतके होते.

मला काकांच्या शेजारी बसायचं होतं. एका बाजूला अर्थात काकू. दुसऱ्या बाजूची खुर्ची मी ओढली तोच साने डॉक्टर तीत बसले. "पन्नास वर्षं मी इथेच बसतोय याच्या शेजारी," ते म्हणाले. हे खरं नव्हतं, पण पाहुण्याला खुर्चीवरून कसं उठवणार. मी समोर बसले, भिंतीच्या बाजूला. जूनला मी पाण्याचे ग्लास काढून न्यायला सांगितले. तिनं फक्त काकांच्या पुढ्यातला नेला.

जेवण आलं. त्या शेफनं कमाल केली होती. बटाटा लोण्यासारखा, त्याच्यावर दाट ग्रेव्ही, गाजराची तितकीच मऊ पेस्ट गाजराच्याच आकारात लावलेली, आणि माझी पावडर घातलेली कॉफी. प्युरे केलेलं, म्हणजे वाटून एकजीव केलेलं, अन्न बहुतेक ठिकाणी तीन रंगांच्या लगद्यासारखं पुढ्यात येतं. हे पान मात्र इतरांच्या पानांच्या पंक्तीत शोभत होतं. काकांनी ते बराच वेळ पाहिलं. मग काट्यावर बटाटा घेतला, तोंडात घातला, हनुवटी छातीला लावली आणि गिळला.

सगळं टेबल त्यांच्याकडे पाहत होतं. काकांनी मान वर केली. "गाठ नाही," ते म्हणाले.

काकू रडायला लागल्या. मला माझ्या धंद्यात एवढं बरं क्वचितच वाटलं आहे. घासामागून घास, मान खाली, मान वर. बोलायचं असेल तर काका काटा खाली ठेवत, घास संपला याची खात्री करत आणि मग बोलत. साने डॉक्टरांनी विनोद सांगायला घेतला तर काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि आधी गिळलं. मी मनातल्या मनात डोनाला टुकटुक करत होते.

मग साने काकू बर्वे काकूंना म्हणाल्या, "नलू, तुमची ती पहिल्या दिवसाची गंमत सांग ना या मुलीला."

काकूंनी सांगितली. त्या एअरपोर्टवरून इथे आल्या. दोन दिवस धड खाल्लं नव्हतं. पुढ्यात आला उकडलेला बटाटा आणि त्यावर पांढरं काहीतरी. मिठाशिवाय कशाचीच चव नाही. आता जन्मभर हे खायचं, असं वाटून त्यांना टेबलावरच हुंदका फुटला. तेव्हा काकांनी कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात आईनं दिलेलं तिखट होतं. त्यांनी ते बायकोच्या बटाट्यावर भुरभुरलं.

"तेव्हापासून दर वर्षी," काकू म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली. आत कागदाची पुडी होती.

मी "काकू, थांबा" म्हणेपर्यंत त्यांची चिमूट काकांच्या ताटावर रिकामी झाली होती. त्या हसत होत्या. काकाही हसत होते. ते ताटावर वाकले, आणि तिखटाची ती लाल भुकटी त्यांच्या श्वासाबरोबर आत गेली.

ठसका लागला. जोराचा, चांगला ठसका. मला त्याची भीती वाटली नाही. अलार्म वाजत होता. मान खाली ठेवून काका खोकत राहिले असते तर घशात जे काही होतं ते बाहेर पडलं असतं. मी म्हटलंसुद्धा, "खोकू द्या त्यांना."

माझं कुणी ऐकलं नाही. कारण त्या क्षणी टेबलावरची सगळी मराठी माणसं एकदम ओरडली.

"वर बघा! वर बघा!"

वाचकहो, तुम्हाला हे सांगायला नको. तुमच्या आईनं तुम्हाला हेच सांगितलं आहे. ठसका लागला की वर बघ. टाळूवर थापट्या मारायच्या, वर बघायला लावायचं, पाणी द्यायचं, आणि कुणीतरी आठवण काढली म्हणायचं. धडधाकट माणसाला यानं काहीच होत नाही. पण गिळायचा त्रास असलेल्या माणसाची मान मागे गेली की हवेची नळी सताड उघडते. घासानंतर घशातल्या खाचांमध्ये थोडं अन्न साचून राहिलेलं असतं, ते त्या उघड्या नळीत घरंगळतं. वरून पाणी दिलं की ते धुऊन आत जातं. मी आठवडेच्या आठवडे जे शिकवलं, त्याच्या हे बरोबर उलट होतं.

साने डॉक्टर, हाडांचे का असेना पण डॉक्टर, काकांच्या टाळूवर थापट्या मारत होते. रश्मी, जिला मी सगळं समजावून सांगितलं होतं, ती ओरडत होती, "बाबा, वर, वर!" मी उभी राहिले. "हनुवटी खाली! पाणी नको!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहायला लागली. पण मी भिंतीच्या बाजूला होते, मध्ये टेबल होतं, रश्मीची खुर्ची होती. काकूंनी स्वतःचा बर्फाच्या पाण्याचा ग्लास उचलला आणि नवऱ्याच्या ओठांना लावला.

काकांनी वर पाहिलं. त्या जाड काळ्या तुळयांकडे. आणि पाणी प्याले.

ठसका थांबला.

"बघ, थांबला!" साने डॉक्टर म्हणाले. "मुली, एवढं घाबरायचं नसतं."

टेबलावर हशा झाला. काकूंनी पदरानं काकांचे डोळे पुसले. "कुणी आठवण काढली हो तुमची?" त्या म्हणाल्या. मी टेबलाला वळसा घालून काकांपाशी पोचले आणि त्यांना "आ" म्हणायला सांगितलं. त्यांचा आवाज ओला होता. गुळण्या करताना बोलावं तसा. स्वरयंत्रावर पाणी असलं की आवाज असा येतो. मी त्यांना पुढे वाकवलं, पुन्हा पुन्हा जोरात खोकायला लावलं. थोडं नॅपकिनमध्ये पडलं. बाकीचं कुठे गेलं ते मला माहीत होतं.

मी जेवण थांबवलं. पुढे पुडिंग यायचं होतं, जून ते घेऊन उभी होती. साने काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नात विघ्न आणलं. काका मात्र माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना कळलं होतं.

मी इनच्या दारातूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. रश्मीला ताप आणि श्वास बघत राहायला सांगितलं. रश्मीनं सगळं नीट केलं. त्यानं काही फरक पडला नाही. त्याच आठवड्यात काकांना थंडी वाजून ताप भरला. उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. चुकीच्या वाटेनं गेलेलं बहुतेक तिथेच जाऊन बसतं, कारण ती वाट जास्त सरळ आहे.

ते वाचले. मी हे मुद्दाम लिहिते, कारण लोक लगेच विचारतात. पण अंगातली ताकद गेली. दुसरी स्वॉलो स्टडी झाली तेव्हा मी पडद्यासमोर उभी होते. दाट, पातळ, मान खाली, मान वळवून, सगळं करून पाहिलं. प्रत्येक वेळी काळी रेघ आत. पेग ट्यूब बसली. तोंडानं काहीही नाही, पाण्याचा थेंबही नाही.

मी भेटायला गेले तेव्हा काकू खाली फार्मसीत गेल्या होत्या. काकांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"रूट कॉज?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या धंद्यात पार्ट फेल झाला की हाच प्रश्न विचारतात. मूळ कारण काय?

"मी वर बघितलं," तेच म्हणाले. "मला माहीत होतं. पण ही म्हणाली वर बघा, आणि मान आपोआप गेली."

"काका, कुणाचीही गेली असती."

"आपल्या तक्त्यात नव्हतं," ते म्हणाले. मग दाराकडे पाहून त्यांनी माझा हात धरला. "हिला सांगू नकोस. पाण्याचं."

मी घरी आले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मुलीला, ईराला, सीरियल खाताना ठसका लागला आणि माझ्या तोंडून निघालं, "वर बघ, वर बघ!" माझा हात तिच्या टाळूवर होता.

"व्हाय अप, मॉम?" तिनं विचारलं.

मी तिथेच खुर्चीवर बसले. मला इतकं हताश आधी कधी वाटलं नव्हतं. डिग्री घेतली, लायसन्स घेतलं, रोज लोकांना मान खाली घालायला शिकवते, आणि माझ्या आईचा हात माझ्याच हातातून निघाला. मग मी कुणाला काय शिकवणार होते?

डोनानं मला केबिनमध्ये बोलावलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"केस क्लोज कर," ती म्हणाली. "ट्यूब आहे, थेरपीचा उपयोग नाही. गोल्स नॉट मेट असं लिही."

"एवढंच?"

"तिथे तेवढीच जागा असते."

मी लिहिलं.

तरी मी बर्व्यांकडे जाते, आमच्या क्लिनिकच्या नव्हे, माझ्या वेळात. काका हॉलमध्ये बेडवर असतात. नळीतून बेज रंगाचं काहीतरी त्यांच्या पोटात जात असतं. काकूंनी फोडणी द्यायची सोडली आहे. वास गेला तर ह्यांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि तेही यांना गिळता येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्या गॅरेजमध्ये, गाडीशेजारी घडीची खुर्ची टाकून, दही-भात खातात. मी पाहिलं आहे. जॅकेट घालून खातात.

परवा त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि चप्पल घालताना माझा दंड धरला.

"तिखट माझंच चुकलं गं," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं तुम्ही ठरवलं होतं आणि मी मूर्ख पुडी घेऊन गेले. पण मंजिरी, तू समोर होतीस. मी पाणी दिल्यावर थांबला होता ना ठसका?"

त्यांना तेवढंच उरलं होतं. निदान पाणी तरी आपण वेळेवर दिलं.

"हो काकू," मी म्हटलं. "पाणी दिल्यावर लगेच थांबला."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दार लावून घेतलं. मी गाडीत बसून रडले आणि मग पुढच्या पेशंटकडे गेले.

आता माझ्या कामात एक बदल झाला आहे. नवा देशी पेशंट आला की पहिल्याच दिवशी मी घरातल्या झाडून सगळ्यांना बोलावते. मुलगे, सुना, शेजारी, येणारे-जाणारे मित्र, डॉक्टर असतील तर ते आधी. आणि विचारते, यांना ठसका लागला तर काय कराल? उत्तर आजवर एकदाही वेगळं आलेलं नाही. मग मी सगळ्यांना ओळीनं बसवते आणि खाली बघायची प्रॅक्टिस करून घेते. पेशंटचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.